किटमधून उडतं स्केल रॉकेट: जुळणी, तोल, रंग आणि पहिलं उड्डाण

उडणाऱ्या स्केल मॉडेलमध्ये, म्हणजे खऱ्या रॉकेटच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतीत, दिसणं आणि उडणं यांची कायम ओढाताण असते. साध्या मॉडेल रॉकेटला हवे तेवढे मोठे फिन (शेपटीचे पंख) लावता येतात, कारण ते कुणासारखं दिसायचं नसतं. खऱ्या रॉकेटचे फिन लहान असतात, काहींना नसतातच. चंद्रावर माणसं नेणारं सॅटर्न-५ वळणाऱ्या इंजिनांनी दिशा सांभाळायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-२ मध्ये ग्रॅफाइटची पाती थेट ज्वालेत बसवलेली असायची. मॉडेलकडे यातलं काहीच नाही. त्याला सरळ ठेवतात ते फक्त फिन आणि वजनाची मांडणी. म्हणून स्केल किट जुळवताना प्रत्येक डिंकाच्या थेंबाला एकच प्रश्न विचारायचा: हे वजन शेपटीकडे जातंय की टोकाकडे?

आकड्यात बघा. मॉडेल ३०० ग्रॅमचं आहे आणि गुरुत्वमध्याच्या २५० मिमी मागे ५ ग्रॅम जादा इपॉक्सी गेलं. ते सावरायला ३५० मिमी पुढे, म्हणजे नोज कोनच्या (पुढच्या शंकूच्या) टोकात, सुमारे साडेतीन ग्रॅम घालावे लागतात. पाच ग्रॅमच्या सढळ हाताचे एकूण साडेआठ ग्रॅम झाले. असं चार ठिकाणी झालं की मोटर, म्हणजे दारू भरलेली तयार नळी, बदलायची वेळ येते.

डिंक उघडण्याआधी

सगळे भाग टेबलावर मांडून यादीशी ताडून बघा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा असेल तर प्रत्येक गटाचं वजन लिहून ठेवा. पुढे प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा वजन करायचं आहे. सूचनापत्रक शेवटपर्यंत एकदा वाचा; लाँच लग (रॉकेट उडवण्याच्या उभ्या रॉडवर सरकणारी छोटी नळी) कुठल्या बाजूला येणार हे बऱ्याचदा शेवटच्या पानावर कळतं आणि सांधे कुठे लपवायचे हे त्यावरच ठरतं.

नेमकं कोणतं रॉकेट करायचं तेही आत्ताच ठरवा. ‘सॅटर्न-५’ एवढं पुरेसं नाही. मे १९६६ मध्ये प्रक्षेपण तळावर नेलेल्या ५००-एफ या चाचणी-नमुन्यावर पहिल्या टप्प्याच्या दोन टाक्यांमधल्या भागात काळे पट्टे होते. प्रत्यक्ष उडालेल्या सॅटर्न-५ वर तो भाग पांढरा आहे. ५००-एफ कधी उडालंच नाही, पण त्याचे फोटो आधी पसरले आणि आजही कित्येक मॉडेलं त्याच रंगात रंगवून वर अपोलो-११ चं नाव मिरवतात. ज्या उड्डाणाचं मॉडेल करायचं त्याच उड्डाणाचे फोटो समोर ठेवा, शक्य तर दोन विरुद्ध बाजूंचे. काळे-पांढरे चौकोन रॉकेट स्वतःभोवती किती फिरतंय हे दिसावं म्हणून रंगवलेले असतात, त्यामुळे चारही बाजू सारख्या नसतात.

हत्यारं थोडीच लागतात: टोकदार पात्याची हॉबी चाकू आणि भरपूर नवी पाती (बोथट पातं बाल्सा हे हलकं लाकूड कापत नाही, चिरडतं), २२०, ४०० आणि ६०० नंबरचे पॉलिश पेपर आणि ते गुंडाळायला सपाट ठोकळा, स्टीलची पट्टी, गुण्या, एल आकाराचा ॲल्युमिनियमचा अँगल आणि मास्किंग टेप. डिंक पाच प्रकारचे हवेत. कागद आणि लाकडासाठी सुतारकामाचा पांढरा किंवा पिवळा डिंक, मोठ्या व्यासाच्या ट्यूबसाठी ३० मिनिटांचं इपॉक्सी, पॉलिस्टायरीनच्या प्लास्टिकसाठी प्लास्टिक सिमेंट, प्लास्टिकच्या आवरणांसाठी कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह आणि किरकोळ कामांना सायनो (झटपट चिकटणारा डिंक). कागद-लाकडाच्या सांध्यात पांढरा डिंक कागदापेक्षाही मजबूत ठरतो, तिथे इपॉक्सी म्हणजे निव्वळ जादा वजन.

मोटर माउंट

मोटर माउंट म्हणजे मोटर धरून ठेवणारी आतली नळी. सगळा जोर इथे येतो. लहान किटमध्ये १८ × ७० मिमीची मोटर असते, मध्यम किटमध्ये २४ × ७० मिमीची. मोटर पुढे सरकू नये म्हणून आत थ्रस्ट रिंग, मागे निसटू नये म्हणून स्प्रिंगच्या पट्टीचा एंजिन हुक आणि बाहेरच्या ट्यूबमध्ये मधोमध बसावी म्हणून सेंटरिंग रिंग, अशी ही रचना.

७० मिमी लांबीच्या माउंट ट्यूबवर मागच्या टोकापासून ६४ मिमीवर ३ मिमी रुंद आडवी चीर द्या. हुकचं पुढचं टोक त्या चिरेत जाईल आणि मागचं टोक ट्यूबबाहेर ६ मिमी राहील. तेवढी जागा रिकामी मोटर चिमटीत धरून ओढायला लागते. मग थ्रस्ट रिंग पुढच्या बाजूने, हुकच्या टोकाला टेकेपर्यंत. हुकवर टेपचा एक वेढा द्या आणि ज्या सेंटरिंग रिंगमधून तो जातो तिला खाच आहे का ते बघा. नसेल तर कापा, नाहीतर हुक वाकत नाही आणि मोटर बसत नाही.

माउंट मोठ्या ट्यूबमध्ये सरकवताना सगळ्यात जास्त घोळ होतात. डिंक रिंगच्या कडेला लावला तर ट्यूबच्या तोंडाशीच खरवडून निघतो. रिंग जिथे येऊन थांबणार त्या जागेच्या किंचित अलीकडे, ट्यूबच्या आत, लांब काडीने डिंकाचं वर्तुळ फिरवा. रिंग तो पुढे ढकलत नेते आणि सांध्यात आपोआप फिलेट, म्हणजे कोपऱ्यातला डिंकाचा गोलसर भराव, तयार होतं. पांढरा आणि पिवळा डिंक घट्ट बसणाऱ्या कागदी सांध्यात काही सेकंदांत पकडतो, म्हणून माउंट एका दमात, मध्ये न थांबता आत न्या. किती आत जायचं ती खूण काडीवर आधीच करून ठेवा. अर्ध्यावर अडकलेला माउंट ट्यूब फाडूनच निघतो.

डिंक वाळताना आकसतो आणि पातळ ट्यूबला आत ओढतो. बाहेरून रिंगच्या जागी बारीक खळगा पडतो. साध्या रॉकेटवर तो खपतो, चकचकीत पांढऱ्या स्केल मॉडेलवर पहिल्या उन्हात दिसतो. म्हणून दर्शनी भागात रिंग इपॉक्सीने बसवाव्यात. इपॉक्सी जवळजवळ आकसत नाही.

मोठ्या व्यासाच्या मॉडेलमध्ये मोटर माउंटपासून वरपर्यंत जाणारी एक बारीक आतली ट्यूब दिलेली असते. वजन वाचवायला ती गाळण्याचा मोह होतो, गाळू नका. पॅराशूट बाहेर फेकणारा वायू थोडासाच असतो. १०० मिमी व्यासाच्या पोकळीत तो पसरला तर नोज कोन ढकलण्याइतका दाब उरत नाही. याच कारणासाठी सेंटरिंग रिंगचे सांधे हवाबंद हवेत. माउंट वाळल्यावर मागून फुंकून बघा, कडेने हवा निसटली तर तिथे डिंक कमी आहे.

ट्यूब, रेषा आणि आवरणं

ट्यूबवर चार रेषा आखा: ०, ९०, १८० आणि २७० अंशांवर. कागदाची पट्टी ट्यूबभोवती गुंडाळून टोकं जुळतात तिथे खूण करा, पट्टी सपाट करून चार समान भाग पाडा, पुन्हा गुंडाळून खुणा उतरवा. मग ॲल्युमिनियमचा अँगल ट्यूबवर ठेवला की तो आपोआप अक्षाला समांतर बसतो. त्याच्या कडेने पेन्सिल ओढा. प्रत्येक टप्प्याच्या ट्यूबवर याच चार रेषा आणि त्यांना तेच क्रमांक. एक टप्पा दोन अंश फिरला तरी रंगाचे उभे पट्टे वरखाली जुळत नाहीत, आणि तोवर सगळं चिकटलेलं असतं.

कागदी ट्यूबवर नागमोडी जाणारी बारीक खाच असते. लाकडाची भरणी पाण्यात कालवून ताकासारखी पातळ करा, ब्रशने फक्त खाचेत भरा, वाळल्यावर ४०० च्या पेपरने सपाट करा. दोनदा केलं की खाच नाहीशी होते. कागदावर ओला पॉलिश पेपर कधीही चालवू नका, पाणी लागलं की लव उभी राहते आणि ती बसवताना ट्यूब पातळ होते.

सॅटर्नसारख्या किटमध्ये पन्हाळीदार पृष्ठभागासाठी पातळ प्लास्टिकची आवरणं असतात. ती आधी कोरडी गुंडाळून बघा. कडा एकमेकांवर चढत असतील तर अर्धा-अर्धा मिमी करत कापा. एकदम कापलं की फट राहते. सांधा ज्या बाजूला लाँच लग येणार त्या रेषेवर घ्या, म्हणजे सगळी कुरूपता एकाच बाजूला जाते. कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह दोन्ही पृष्ठभागांवर अगदी पातळ लावा आणि बोटाला चिकटेनासा झाल्यावरच आवरण ठेवा. घाई केली की अडकलेला द्रावक प्लास्टिक मऊ करतो आणि दोन दिवसांनी फुगवटे येतात. कापून उरलेल्या तुकड्यावर आधी चाचणी घ्या, कारण काही ॲडहेसिव्ह स्टायरीन सरळ विरघळवतात. आणि हा डिंक एकदा टेकला की सरकत नाही. सांध्याच्या विरुद्ध बाजूपासून सुरुवात करून दोन्हीकडे दाबत या, म्हणजे चूक दोन्ही टोकांत विभागते.

फिन

बाल्साचे फिन असतील तर लाकडाचे रेषे पुढच्या कडेला समांतर आहेत का ते पाहा. आडव्या रेषांचा फिन पहिल्याच टणक जमिनीवर मोडतो. सगळे फिन एकत्र धरून कडा एकदम घासा, म्हणजे आकार सारखे येतात. मुळाची कडा मात्र गोल करायची नाही, ती चौकोनी आणि सपाट हवी.

लाकडाचे रेषे रंगातून दिसू नयेत म्हणून कागद चढवणं हा भरणी घासत बसण्यापेक्षा स्वच्छ मार्ग. साधा छपाईचा कागद, पांढऱ्या डिंकाचा अत्यंत पातळ थर, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी. एकच बाजू चढवली तर फिन वाकतो. मग मेणकागदात ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर.

चिकटवताना मुळाच्या कडेला डिंक लावा, फिन रेषेवर दाबून लगेच उचला, दोन्हीकडचा थर मिनिटभर वाळू द्या, मग पुन्हा पातळ डिंक लावून कायमचा बसवा. या दुहेरी पद्धतीत फिन अर्ध्या मिनिटात स्वतः उभा राहतो. गुण्याने कोन तपासा आणि मागून एका डोळ्याने अक्षाच्या रेषेत बघा. एक फिन तिरका झाला तर रॉकेट स्वतःभोवती गरगरतं. ते फार धोक्याचं नाही, पण उंची खातं. फिलेट दुसऱ्या दिवशी, ३-४ मिमी रुंद, ट्यूब आडवी ठेवून, एका वेळी दोन फिनच्या मधली जागा. उभ्या ट्यूबवरचं फिलेट ओघळून खाली साचतं. साचा केलेले प्लास्टिकचे फिन आले असतील तर हे सगळं वाचतं, मात्र ते जड असतात. तोल मोजताना लक्षात ठेवा.

काही किटमध्ये स्केलच्या छोट्या फिनसोबत पारदर्शक प्लास्टिकचे जादा फिन येतात. ते सजावट नाहीत. दिसायला खटकले तर प्रदर्शनात काढून ठेवा, उडवताना लावाच.

नोज कोन, शॉक कॉर्ड, पॅराशूट

फुंकून साचवलेले पोकळ नोज कोन बहुधा पॉलिइथिलीनचे असतात. त्याला प्लास्टिक सिमेंट चिकटत नाही आणि इपॉक्सीही धरत नाही. आत ओतलेलं वजन पहिल्या धक्क्याला सुटून खुळखुळू लागतं. खांद्याच्या (कोनचा ट्यूबमध्ये जाणारा भाग) वर आडवी दोन छिद्रं पाडून त्यातून बांबूची काडी आरपार घाला आणि इपॉक्सी तिच्याभोवती गोठू द्या. मग वजन जागचं हलत नाही.

कोन किती घट्ट हवा? मॉडेल कोनला धरून उचललं तर खालचा भाग गळून पडू नये, पण हलका झटका दिला की सुटावा. सैल असेल तर खांद्यावर टेपचा वेढा द्या, घट्ट असेल तर घासा. रंगवताना खांदा झाकायला विसरलात तर हीच जागा नंतर अडते.

किटमधली शॉक कॉर्ड, म्हणजे नोज कोन आणि ट्यूब जोडणारी दोरी, बऱ्याचदा आखूड असते. एकूण लांबी मॉडेलच्या दोन-तीन पट ठेवा. आखूड रबर नोज कोनला परत खेचून ट्यूबच्या कडेवर आपटतं आणि उभी चीर पाडतं. खालचा टोकाचा भाग केव्हलारच्या (उष्णता सोसणारा मजबूत कृत्रिम धागा) दोऱ्याचा करून मोटर माउंटला बांधला तर उष्ण वायूने जळत नाही. मात्र दोरा ट्यूबच्या तोंडाच्या आतच संपला पाहिजे, नाहीतर बारीक केव्हलार कागदाची कड करवतीने कापल्यागत चिरतो.

पॅराशूटचा व्यास वजनावरून ठरवा. सेकंदाला ५ मीटर वेगाने उतरायचं तर १०० ग्रॅमला सुमारे ३३ सेमी, ३०० ग्रॅमला सुमारे ५७ सेमी. सुटका मनोरा, म्हणजे टोकाशी असलेल्या अंतराळवीरांच्या कुपीवरचा जाळीदार सांगाडा, कशानेही मोडतोच. वरचा भाग वेगळ्या छोट्या पॅराशूटवर उतरवला तर मोडण्याचं प्रमाण कमी होतं, कारण जड पहिला टप्पा त्याच्या अंगावर येऊन पडत नाही.

तोल

हे रंगाआधी एकदा आणि रंगानंतर पुन्हा करायचं. मोटर, वॅडिंग (पॅराशूट जळू नये म्हणून भरायचा न जळणारा कागद) आणि पॅराशूट सगळं भरून मॉडेल पट्टीच्या कडेवर तोला. जिथे स्थिर राहील तो गुरुत्वमध्य. दाबमध्य, म्हणजे हवेचा आडवा जोर जिथे एकवटतो तो बिंदू, सूचनापत्रकात दिलेला असतो, नसेल तर ओपनरॉकेट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मापं भरून काढा. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, टोकाच्या बाजूला, निदान एका ट्यूब-व्यासाइतका हवा.

कमी पडत असेल तर वजन घाला. किती, ते असं: मॉडेलचं वजन गुणिले जितकं सरकवायचं ते अंतर, भागिले (टोकाच्या वजनाचं आताच्या गुरुत्वमध्यापासूनचं अंतर वजा सरकवायचं अंतर). ३०० ग्रॅमचं मॉडेल, २० मिमी सरकवायचं, टोक ३५० मिमी पुढे: ६००० भागिले ३३०, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम.

लहान मॉडेलची दोऱ्याची चाचणीही घेता येते. गुरुत्वमध्यावर दोन-तीन मीटर दोरा बांधून डोक्यावरून गोल फिरवा. टोक पुढे करून फिरलं तर स्थिर आहे. फिरलं नाही तर मात्र लगेच नापास ठरवू नका, लहान वर्तुळात ही चाचणी गरजेपेक्षा कडक असते. तेव्हा गणितावर जा.

रंग

लाँच लग आधी चिकटवा. तो गुरुत्वमध्याच्या आसपास हवा, आणि वरचा टप्पा रुंद असेल तर लाकडाच्या पट्टीवर उंच करून, म्हणजे रॉड कुठे घासणार नाही. बाहेरून गेलेल्या नळ्या-वायरींच्या आवरणाशेजारी ठेवला की नजरेतून सुटतो.

प्रायमरचे दोन पातळ हात, मधे ४०० चा पेपर. मग पूर्ण मॉडेल पांढरं, तीन-चार धुकट हातांत, २० ते २५ सेमीवरून. एका जाड हातात झाकायला गेलात तर पन्हाळ्या बुजतात आणि वजन वाढतं. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तो पाळा. मधल्या अर्धवट वाळलेल्या अवस्थेत मारलेला हात खालचा थर उकलून सुरकुत्या पाडतो. एनॅमलवर लॅकर मारलं तरी तेच होतं. दमट हवेत लॅकरवर पांढुरका धूसरपणा येतो. त्या दिवशी रंगकाम नको.

काळे पट्टे मारायचे तर पांढरा किमान दोन दिवस वाळू द्या. टेपची कड नखाने दाबा आणि तिच्यावर आधी पुन्हा पांढऱ्याचाच एक हलका हात द्या. जिथे रंग टेपखाली झिरपणार होता ती फट पांढऱ्यानेच भरते आणि मग काळ्याची कड धारदार येते. पन्हाळ्यांवर याशिवाय गत्यंतर नाही, टेप खाचांत पूर्ण बसतच नाही. काळा पुरता कडक होण्याआधी टेप स्वतःवर दुमडून हळू ओढा.

डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं-चिन्हं) चकचकीत थरावरच लावा. मॅट रंगावर खाली हवा अडकून चंदेरी झाक येते. कोमट पाण्यात अर्धा मिनिट, साबणाचा एक थेंब, सरकवा, कापडाने टिपा. मॅट वार्निश सगळ्यात शेवटी. आता तोल पुन्हा तपासा.

उड्डाण

मोटरवरचं ‘डी१२-३’ असं वाचायचं: डी म्हणजे एकूण आवेग १० ते २० न्यूटन-सेकंद, १२ म्हणजे सरासरी जोर न्यूटनमध्ये, ३ म्हणजे जळून संपल्यापासून पॅराशूट फेकेपर्यंतचे सेकंद. स्केल मॉडेल जड आणि हवेला अडणारं असल्याने लवकर मंदावतं. लांब विलंबाची मोटर घातली तर ते माथ्यावरून उलटून वेगाने खाली येताना पॅराशूट उघडतं आणि फाटतं. म्हणून त्याच ताकदीतला कमी विलंब निवडा. मोटरच्या वेष्टनावर दिलेलं कमाल वजन ओलांडू नका. ते मोटरसकट असतं. आणि मोटर तयारच घ्या, घरी काळी (बंदुकीची) दारू भरण्याचा प्रयोग हा या छंदाचा भागच नाही.

रॉड सोडताना वेग सेकंदाला सुमारे १३ मीटर हवा, त्याखाली फिन काम करत नाहीत. ३०० ग्रॅमच्या मॉडेलला उड्डाणक्षणी ३० न्यूटन जोर मिळाला तर ९० सेमी रॉडवर हा वेग जेमतेम गाठला जातो. म्हणून जड मॉडेलला ४.८ मिमी जाड आणि १२० सेमी लांब रॉड घ्या, ३.२ मिमीचा रॉड वाकून झोल देतो.

पॅराशूटखाली न जळणारं वॅडिंग ट्यूबच्या दोन व्यासांइतकं भरा, सैल. पॅराशूट त्याच दिवशी घडी करा, थंडीत किंचित टाल्कम पावडर लावून; आठवडाभर घडीत राहिलेलं प्लास्टिक उघडत नाही. इग्नायटरचं (मोटर पेटवणाऱ्या विजेच्या तारेचं) टोक आतल्या दारूला टेकलेलं हवं. ‘पेटलं नाही’ अशा बहुतेक वेळा ते वरच राहिलेलं असतं.

डी किंवा लहान मोटरला ५ मीटर, त्याहून मोठीला ९ मीटर अंतर ठेवा. रॉड उभ्यापासून ३० अंशांपेक्षा जास्त झुकवू नका. ताशी ३२ किमीपेक्षा जास्त वारा असेल तर परत जा. लांब, लहान फिनचं मॉडेल वाऱ्याकडे तोंड वळवून आडवं पळतं. बटण दाबूनही पेटलं नाही तर सुरक्षा किल्ली काढा आणि पूर्ण ६० सेकंद जवळ जाऊ नका.

उतरल्यावर जळकी मोटर त्याच दिवशी काढा. काळ्या दारूची राख ओल शोषते, हुक गंजतो आणि मोटर माउंटमध्ये अडकून बसते. शॉक कॉर्डचा खालचा भाग बोटांनी चाचपा, कडक किंवा ठिसूळ लागला तर पुढच्या उड्डाणाआधी बदला.